चुना की जिप्सम? आम्ल-विम्लाचा धडा आणि आपली जमीन

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटले असेल, की आम्ल आणि विम्ल हा तर शाळेतल्या मुलांचा विषय, त्याचे आपल्याला काय काम? हे म्हणणे अर्धे खरे आहे. नववीच्या विज्ञानात 'आम्ल, आम्लारी व क्षार' असा धडा आहे. मुले तो वाचतात, परीक्षा देतात आणि बहुतेक जण विसरतात. परंतु आपण शेतात चुना टाकतो, जिप्सम टाकतो, युरिया फोकतो, बोर्डो मिश्रण तयार करतो, ठिबकच्या नळ्यांतून आम्ल सोडतो. या प्रत्येक कामात तोच धडा आहे. तो समजला तर खर्च कामी येतो. नाही समजला तर खर्च वाया जातो आणि काही वेळा जमीनही बिघडते.

म्हणून आज हा धडा आपण वर्गात नव्हे, तर शेताच्या बांधावर बसून शिकायचा आहे. शक्य झाल्यास घरी गेल्यावर आपल्या मुला-मुलींना सोबत घेऊन यातील साधे प्रयोग करून पाहावेत.

आम्ल आणि विम्ल म्हणजे काय?

लिंबू, चिंच, कैरी, ताक हे पदार्थ आंबट लागतात, कारण त्यांत आम्ल असते. लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, तर ताकात लॅक्टिक आम्ल असते. हरभऱ्याच्या पिकात सकाळी फिरल्यावर पायांना जी आंब लागते तीही आम्लच. त्यात मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. पूर्वी बायाबापड्या हरभऱ्यावर रात्री धुतलेले फडके पसरून दवाबरोबर ही आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर वापरीत.

याउलट चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, पापडखार, लाकडाची राख, साबण हे पदार्थ विम्ल गुणाचे आहेत. पाण्यात कालवून हाताला लावले तर ते बुळबुळीत लागतात. शाळेच्या पुस्तकात अशा पदार्थांना आम्लारी म्हणतात. जमिनीच्या बाबतीत आपण विम्ल हा शब्द वापरतो. एक सूचना मात्र पाळावी. ओळख पटवण्यासाठी अनोळखी पदार्थ कधीही चाखू नये व हाताला लावू नये. त्यासाठी दुसरे साधे उपाय आहेत.

पहिला उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कपड्यावर आमटीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की पिवळा डाग लाल होतो. हळदीला विम्ल भेटले की ती लाल होते. त्यावर लिंबू पिळले तर ती पुन्हा पिवळी होते. दुसरा उपाय जास्वंदीचा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला रंग आम्लात गडद गुलाबी, तर विम्लात हिरवा होतो. शाळेतील लिटमस कागदही याच तत्त्वावर चालतो. हा रंग दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढतात. तो आम्लात तांबडा आणि विम्लात निळा होतो.

आता आतली गोष्ट. आम्ल पाण्यात विरघळले की हायड्रोजनचे भारित कण सुटे होतात. त्यांना हायड्रोजन आयन म्हणतात. विम्ल पाण्यात विरघळले की हायड्रॉक्साइड आयन वाढतात. हे दोन्ही कण एकत्र आले की त्यांचे पाणी बनते. आम्ल आणि विम्ल योग्य प्रमाणात मिसळले की दोघांचाही गुण संपतो आणि मागे उरतो तो क्षार. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि कॉस्टिक सोडा मिसळला तर पाणी आणि खायचे मीठ तयार होते. या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

येथे 'क्षार' हा शब्द लक्षात ठेवावा. क्षार म्हणजे विम्ल नव्हे. मीठ हा क्षार आहे, पण ते आम्लही नाही आणि विम्लही नाही. आपल्याकडे 'जमिनीत क्षार झाला' असे म्हणून दोन वेगळ्या रोगांना एकच नाव दिले जाते. त्याचे परिणाम काय होतात ते पुढे पाहू.

सामू: आम्ल-विम्लाचे माप

पदार्थ आम्ल आहे की विम्ल, एवढे कळून भागत नाही. ते किती आहे हेही कळले पाहिजे. यासाठी सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एक मोजपट्टी तयार केली. तिलाच आपण सामू म्हणतो. ही पट्टी साधारणपणे ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे उदासीन. ७ पेक्षा खाली आम्ल आणि ७ पेक्षा वर विम्ल. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, दुधाचा साडेसहाच्या जवळपास, तर चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो.

या पट्टीची एक खूण आहे. सामू एका अंकाने बदलला की आम्लता किंवा विम्लता दहा पटीने बदलते. ८ आणि ९ यांत फरक एकाचा दिसतो, पण विम्लता दहा पट वाढलेली असते. ७ वरून ९ वर गेल्यास शंभर पट. म्हणून माती परीक्षण अहवालात ८.१ ऐवजी ८.९ आले तर 'थोडेच वाढले आहे' असे समजू नये.

बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ सामू मानवतो, कारण या पट्ट्यात बहुतेक अन्नद्रव्ये मुळांना सहज मिळतात. सामू फार खाली गेला तर स्फुरद लोह व अॅल्युमिनियमबरोबर बांधला जातो. फार वर गेला तर तोच स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकतो आणि लोह, जस्त, मंगल ही द्रव्ये अविद्राव्य होतात. अन्नद्रव्य जमिनीत असते, पण मुळाला मिळत नाही. कोठाराला कुलूप असावे आणि किल्ली हरवावी, तसा हा प्रकार आहे.

चुना आणि जिप्सम: कॅल्शियमचा जोडीदार कोण?

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. चुन्यात कॅल्शियम आहे आणि जिप्सममध्येही कॅल्शियम आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही पोत्यात मिळतात. त्यामुळे 'कोणतेही टाका, जमीन सुधारते' असा समज होतो. येथेच चूक होते.

सामू बदलण्याचे काम कॅल्शियम करीत नाही. ते काम त्याचा जोडीदार करतो. कळीच्या चुन्यात कॅल्शियमचा जोडीदार ऑक्साइड आहे, विरवलेल्या चुन्यात हायड्रॉक्साइड आहे आणि चुनखडीत कार्बोनेट आहे. हे तिन्ही जोडीदार हायड्रोजन आयनांना पकडतात आणि आम्लता मारतात. म्हणून चुना हा विम्ल गुणाचा पदार्थ आहे. तो सामू वाढवतो.

जिप्सममध्ये कॅल्शियमचा जोडीदार सल्फेट आहे. सल्फेट हे गंधकाम्लाचे अंग. ते हायड्रोजन आयनांना पकडत नाही. म्हणून जिप्सम हा जवळजवळ उदासीन क्षार आहे. तो आम्ल जमिनीचा सामू वाढवणार नाही. त्याचे काम वेगळे आहे. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवून त्या जागी कॅल्शियम बसवणे, हे ते काम होय.

एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. आम्ल जमिनीला चुना, चोपण जमिनीला जिप्सम. आम्ल जमिनीत जिप्सम टाकून आम्लता जात नाही. चोपण जमिनीत चुना टाकणे म्हणजे आधीच विम्ल असलेल्या जमिनीत आणखी विम्ल ओतणे.

आम्ल जमीन

पावसाच्या थेंबात हवेतील कर्बवायू विरघळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. त्यामुळे स्वच्छ पावसाच्या पाण्याचाही सामू सुमारे ५.६ असतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी हजारो वर्षे जांभ्या जमिनीतून झिरपत आले. त्याने कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेले. मागे लोह व अॅल्युमिनियम राहिले. म्हणून या जमिनी आम्ल झाल्या.

सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतील अॅल्युमिनियम विरघळू लागतो. तो मुळांची टोके आखूड व जाड करतो. मुळे खोल जात नाहीत, स्फुरद मिळत नाही आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठी कमी होतात. अशा वेळी चुना द्यावा लागतो.

भातखाचराची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. खाचरात पाणी साचून राहिले की काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप ७ कडे सरकतो. म्हणून त्याच जमिनीत पावसाळ्यात भात बरा येतो आणि पाणी ओसरल्यावर घेतलेले कडधान्य किंवा भाजीपाला मात्र अडखळतो. भात चांगला आला म्हणून जमिनीत आम्लता नाही, असा निष्कर्ष काढू नये.

चुना किती टाकावा, हे केवळ सामूवरून ठरत नाही. हलक्या रेताड जमिनीला थोडा चुना पुरतो. चिकण व सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या जमिनीला तोच सामू बदलायला बराच जास्त लागतो. कारण पाण्यातील आम्लतेखेरीज मातीच्या कणांवर आम्लतेचा मोठा साठा असतो. म्हणून प्रयोगशाळेतून चुन्याची गरज काढून घ्यावी. चुन्याच्या प्रकाराकडेही लक्ष द्यावे. १०० किलो शुद्ध चुनखडीची भुकटी जेवढी आम्लता मारते, तेवढीच ७४ किलो विरवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना मारतो. भुकटी जितकी बारीक, तितकी क्रिया लवकर.

चुना पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे आधी टाकून मातीत मिसळावा. अमोनियायुक्त खते किंवा सुपर फॉस्फेट यांच्याबरोबर एकाच वेळी टाकू नये. आणि अंदाजाने जास्त टाकू नये. गरजेपेक्षा जास्त चुन्याने जस्त, बोरॉन व लोह यांची कमतरता ओढवते.

वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट व युरिया दिल्यानेही जमीन आम्ल होत जाते, कारण जमिनीतील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना हायड्रोजन आयन सोडतात. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगात, चुना न देता सतत अमोनियम सल्फेट दिलेल्या वाफ्यांचा सामू ४ च्याही खाली गेला आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही भीती फारशी नाही. कोकणातील बागायतदारांनी मात्र दर दोन-तीन वर्षांनी सामू तपासावा.

चुनखडीयुक्त जमीन

घाटावरील बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी असते. सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. ओळखण्यासाठी ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी आहे. हे बुडबुडे कर्बवायूचे असतात. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, त्याचे कारणही हेच. ती फरशी चुनखडकाची असते.

या जमिनीत उसाच्या खोडव्यावर, भुईमुगावर व संत्र्यावर पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. आपण त्याला केवडा पडला असे म्हणतो. लोह जमिनीत भरपूर असते, पण कुलूपबंद असते. अशा वेळी अनेक जण विचारतात, 'गंधक टाकून जमिनीचा सामूच उतरवला तर?'

याचा हिशोब करू. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२.४ लाख किलो असते. त्यात फक्त १ टक्का चुनखडी धरली, तरी ती २२.४ टन होते. १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागते. म्हणजे केवळ १ टक्का चुनखडीसाठी हेक्टरी सुमारे ७ टन गंधक! चुनखडी १० टक्के असेल तर ७० टन. हे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणारे नाही. चुनखडी आहे तोवर सामू उतरत नाही, उतरला तरी पुन्हा जाग्यावर येतो.

म्हणून येथे सगळी जमीन बदलण्याचा नाद सोडावा आणि मुळाजवळचा किंवा पानावरचा उपाय करावा. हिराकस शेणखतात मुरवून ओळीत द्यावे. केवडा दिसू लागताच ०.५ टक्के हिराकशीची, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, फवारणी करावी व आठवड्याच्या अंतराने गरजेप्रमाणे पुन्हा घ्यावी. चिलेटयुक्त लोह वापरायचे झाल्यास ते विम्ल जमिनीत टिकणाऱ्या प्रकारचे आहे का, हे विचारून घ्यावे. स्फुरद पसरून न देता पेरून द्यावे. आणि लक्षात ठेवावे, की चुनखडी हा रोग नव्हे, जमिनीचा स्वभाव आहे. ती सांभाळून उत्तम पीक घेता येते.

क्षारयुक्त आणि चोपण: दोन रोग, दोन उपाय

आता त्या 'क्षार' शब्दाकडे परत येऊ. कालव्याच्या पट्ट्यात, जास्त पाण्याच्या उसात आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात या जमिनी आपल्याला भेटतात.

क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात पांढरा थर वर येतो. सामू ८.५ च्या आत असतो, परंतु संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असते. मातीची जडणघडण मात्र चांगली असते व पाणी मुरते. येथे जिप्समची गरज नसते. चर काढून निचरा करावा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत.

चोपण जमिनीत विद्राव्य क्षार कमी असतात, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. एकूण धारणक्षमतेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त सोडियम आणि सामू ८.५ पेक्षा जास्त, ही तिची खूण. काळ्या भारी जमिनीत याहून कमी सोडियमनेही निचरा बिघडतो. तिच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडाच असतो. म्हणून ती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते. पाऊस पडून आठवडा झाला तरी वर पाणी साचलेले आणि वीतभर खाली माती कोरडी, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

या दोहोंच्या मधला प्रकार सर्वांत फसवा आहे. क्षारयुक्त-चोपण जमिनीत क्षारही जास्त आणि सोडियमही जास्त. वरून ती साध्या क्षारयुक्त जमिनीसारखीच दिसते. पांढरा थर असतो, पाणीही मुरते, कारण भरपूर क्षारांमुळे मातीचे कण एकमेकांना धरून असतात. 'क्षार धुऊन काढा' हा सल्ला ऐकून शेतकरी भरपूर पाणी देतो. क्षार जातात, सोडियम मात्र कणांना चिकटून राहतो. कणांना धरून ठेवणारे क्षार गेले, की माती विस्कटते, छिद्रे बुजतात, सामू ९ च्या वर चढतो आणि पुढच्या हंगामात पाणी मुरतच नाही. पाण्याचा, विजेचा, मजुरीचा खर्च करून आपल्याच हाताने जमीन चोपण केल्यासारखे होते. म्हणून अशा जमिनीत आधी जिप्सम आणि मग पाणी, हा क्रम कधीही उलटा करू नये.

जिप्सम टाकल्यावर दोन गोष्टी घडतात. सोडियम कार्बोनेट आणि जिप्सम मिळून चुनखडी व सोडियम सल्फेट तयार होते, त्यामुळे सामू उतरतो. तसेच कणांवरील सोडियमची जागा कॅल्शियम घेतो. सुटलेला सोडियम सल्फेट पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. तो तेथेच राहिला तर केलेले काम पाण्यात जाते. म्हणून पहिला खर्च निचऱ्यावर करावा, दुसरा जिप्समवर.

प्रत्येक १०० ग्रॅम मातीतील १ मिलितुल्यांक सोडियम काढायला, १५ सेंटिमीटर खोलीसाठी हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागते. आपल्या जमिनीची नेमकी गरज प्रयोगशाळा काढून देते. जिप्सम बारीक असावे, वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरात मिसळावे, फार खोल गाडू नये. नंतर वाफे बांधून पाणी साठवावे. सोबत शेणखत द्यावे आणि धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. चोपण जमिनीत चुनखडी असेल तर गंधकही चालते. जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल जमिनीतील चुनखडीतूनच कॅल्शियम सोडवते. चुनखडी नसेल तर या उपायाचा तसा उपयोग नाही.

विहिरीचे व बोअरचे पाणीही तपासावे. ज्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने कार्बोनेट व बायकार्बोनेट जास्त असतात, ते पाणी चांगली जमीन हळूहळू चोपण करते. अहवालात 'शिल्लक सोडियम कार्बोनेट' लिटरला २.५ मिलितुल्यांकापेक्षा जास्त असेल, तर ते पाणी उपायाशिवाय वापरू नये.

रोजच्या कामातील आम्ल-विम्ल

युरिया: युरियाचा जमिनीत अमोनिया बनतो. विम्ल जमिनीत पृष्ठभागावर फोकलेल्या युरियातील नत्राचा काही भाग अमोनिया वायू होऊन हवेत जातो. खात्री करायची असल्यास चिमूटभर अमोनियम सल्फेटमध्ये ओला चुना मिसळावा. लगेच उग्र वास येतो. तो वास म्हणजे उडून चाललेला नत्र. म्हणून युरिया मातीआड करावा किंवा लगेच हलके पाणी द्यावे. चुना किंवा राख नत्रखतात मिसळू नये.

बोर्डो मिश्रण: मोरचुदाचे द्रावण आम्ल असते, चुन्याची निवळी विम्ल. १ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा करावा. प्लॅस्टिक किंवा लाकडी भांडी वापरावीत, लोखंडी नकोत. मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात हळूहळू ओतून ढवळावे. त्यात स्वच्छ लोखंडी सळई थोडा वेळ बुडवावी. तांबूस थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे, ते पाने भाजेल. तेव्हा आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. या विम्ल मिश्रणात इतर कीटकनाशके मिसळू नयेत. काही ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशके आणि कॅप्टनसारखे बुरशीनाशक विम्ल पाण्यात विघटन पावून निकामी होतात.

ठिबक संच: ड्रिपरमध्ये साचलेली चुनखडी आम्लाने विरघळते. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू ४ येईपर्यंत आम्ल सोडावे, २४ तास संच बंद ठेवावा आणि नंतर नळ्यांची टोके उघडून धुवावा. हे काम करताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. उष्णता एकदम वाढून आम्ल अंगावर उडते. आणि आम्ल व ब्लिचिंग पावडर चुकूनही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि तो जीव घेऊ शकतो.

आता काय करावे?

बंधू-भगिनींनो, २०१५ पासून चालू असलेल्या योजनेतून अनेकांना मृद आरोग्य पत्रिका मिळालेली आहे. ती पेटीत ठेवून देऊ नये. तिच्यावरील सामू आणि विद्युत वाहकता हे दोन आकडे आधी पाहावेत. पत्रिका नसेल किंवा जुनी झाली असेल तर उन्हाळ्यात नवा नमुना द्यावा. बांध, झाडाखालची जागा, खताचे ढीग टाळून शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यावेत. २० सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र मिसळून तिचा अर्धा किलो नमुना स्वच्छ कापडी पिशवीत भरावा. खताचे रिकामे पोते वापरू नये. चोपणची शंका असल्यास सामू व विद्युत वाहकतेबरोबर विनिमययोग्य सोडियम आणि जिप्समची गरजही काढून मागावी.

अहवाल हाती आल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. सामू ५.५ च्या खाली आहे का? असेल तर चुना. सामू ८.५ च्या वर आहे का? असेल तर निचरा आणि जिप्सम. विद्युत वाहकता जास्त आहे का? असेल तर सोडियम किती आहे हे पाहिल्याशिवाय पाणी सोडू नये. या तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर चुना किंवा जिप्सम विकत घेण्याची गरज नाही. ते पैसे शेणखतावर आणि चांगल्या बियाण्यावर खर्च करावेत.

अहवालातील आकडे समजत नसतील तर आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत तो घेऊन यावे. पोते विकत घेण्यापूर्वी यावे, नंतर नव्हे.